पुसलेले बाण

माझ्या हातातले डार्टचे बाण मी काचेच्या वाडग्यात टाकले. वाडग्यात स्पिरिट होतं. क्लबाचे वेटर हुसेनभाईंनी ते एकेक करून बाहेर काढले, टोकापासून पिसापर्यंत कापसाच्या बोळ्यानं पुसले आणि मग माझ्याविरुद्ध खेळणाऱ्याच्या हातात दिले.

तो आमच्या गिरणीतलाच एक तरुण इंजिनियर होता. त्याचे बाण फेकून झाले की तो ते बोर्डावरून उपटायचा आणि तसेच माझ्या हातावर ठेवायचा. माझी पाळी झाली की मात्र वाडगं. पुन्हा त्याची पाळी, पुन्हा माझी, पुन्हा वाडगं. सगळ्या हॉलला स्पिरिटचा वास येत होता. भिंतीकडेनं वेताच्या खुर्च्या टाकून साहेबलोक बसले होते, काहींच्या बायकाही होत्या. कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

"यांचे हात तेलकट असतात," क्लबाचे सेक्रेटरी मुंबईहून आलेल्या एका खेळाडूला सांगत होते. "मशीनचं तेल. मग बाण निसटतात."

तो मुंबईचा माणूस माझ्या हातांकडे बघत राहिला. मग त्यानं मान हलवली आणि आपला चहा प्यायला लागला.

मी त्या दिवशी हात राखेनं घासून आलो होतो. मग साबणानं, आणि पुन्हा साबणानं. पाणी अक्कानं ओतलं होतं. नखात तेलाचा ठिपका नव्हता. सेक्रेटरींना ते दिसत होतं आणि मलाही ठाऊक होतं, वाडगं तेलासाठी ठेवलेलं नाही.

क्लबातल्या त्या दिवसांची गोष्ट आमच्या वस्तीत लहान पोरांनाही पाठ आहे. पण जी पाठ आहे ती खोटी आहे. माझं वय आता ऐंशीच्या घरात आहे. खरी गोष्ट सांगू शकेल असा माझ्याशिवाय कुणी उरलेला नाही. म्हणून लिहितोय.

बहात्तरचा दुष्काळ उलटून गेला होता. मी सोलापूरच्या एका गिरणीत रिंग खात्यात होतो. रिंग खातं म्हणजे जिथं सूत काततात. आई-वडील लवकर गेले. मला वाढवलं ते शेवंताअक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. तिचा नवराही गेलेला. ती गिरणीत बदलीवर जायची, म्हणजे सकाळी भोंग्याच्या आधी फाटकाशी उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असेल तर आत घ्यायचे. शिवाय संध्याकाळी साहेबांच्या क्लबात झाडलोट करायची.

त्या क्लबात डार्टचा खेळ होता. भिंतीवर गोल बोर्ड, आणि लांबून त्यावर बाण फेकायचे. जुना बोर्ड झिजला तेव्हा तो उकिरड्यावर गेला. अक्कानं तो पदराखाली घालून घरी आणला. म्हणाली, "चुलीत घालायला व्हईल." मी तो चुलीत जाऊ दिला नाही. समाजमंदिराच्या मागच्या भिंतीला खिळा ठोकून अडकवला. बाण मीच केले. छत्रीच्या काडीचे तुकडे, पुढं घासून टोकदार केलेला खिळा, मागं कोंबडीचं पीस. पाळी सुटली की तासन्‌तास फेकत बसायचो. पोरं चिडवायची. "काय गा, साहेब झालास व्हय? टाचण्या फेकून कुटं पोट भरतंय का?" मी फेकत राहायचो. बाण सुटला की त्यानं कुठं जायचं ते कुणी दुसरा ठरवत नाही, एवढं मला आवडायचं.

मग गिरणीच्या फाटकावर कागद लागला. क्लबात स्पर्धा. मुंबईचे, पुण्याचे, बंगळूरचे खेळाडू येणार. हे लोक बक्षिसासाठी गावोगावच्या क्लबांत खेळत फिरायचे, तोच त्यांचा धंदा. खाली लिहिलं होतं की हौशी खेळाडूंनाही प्रवेश आहे आणि गिरणीच्या कामगारांनीही भाग घ्यावा. हे शेवटचं लेबर ऑफिसरांचं डोकं. मुंबईच्या मालकांना फोटो दाखवायचे होते, कामगारांना कसं सामावून घेतलं आहे त्याचे.

मी नाव दिलं. लेबर ऑफिसरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "नीट खेळ. बक्षिसात नाव निघालं तर तुझ्या साच्याचं बघू."

साचा म्हणजे माग. हे वाक्य कानात घेऊनच मी त्या हॉलमध्ये गेलो होतो, म्हणून ते समजावून सांगायला हवं. साचेखात्यात पगार जास्त. तिथं मराठी होते, कानडी होते, तेलुगू होते. आमचं कुणी नव्हतं. आम्ही बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतलेली, पण गिरणीच्या लेखी आम्ही जुन्या जातीचेच. आणि साच्यावर आडवं सूत नेणारा लाकडी धोटा असतो. धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी भरायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचं. पहिल्या पाळीचा माणूस ज्या धोट्याला तोंड लावतो, त्यालाच दुसऱ्या पाळीचा लावतो. म्हणून आम्हाला साचेखातं बंद. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. विचारलं की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, म्हणायचा, "जागा नाही." माझ्या चुलत्यानं आयुष्यभर जागेची वाट पाहिली. मला तो साचा हवा होता. त्यासाठी मी काय काय गिळायला तयार आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी गिळलं. इंजिनियरला हरवलं, मग पुण्याच्या एकाला. बाहेरगावचे खेळाडू आपापले बाण चामड्याच्या डबीत घेऊन आले होते, पण मी त्यांच्याशी खेळतानाही माझे बाण वाडग्यातून जात होते. कारण ते क्लबाचे बाण होते. उद्या मेंबर लोक हात लावणार. मी नेम साधला की टाळ्या पडायच्या. एका मेंबरनं खुर्चीतूनच विचारलं, "नेम चांगलाय रे. लहानपणी चिंचा पाडायचास की कुत्री हाणायचास?" सगळे हसले. मीही हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडाला चिकटलेलं आहे असं कधी कधी वाटतं.

जाताना हुसेनभाईंनी मला मुदपाकखान्याच्या दाराशी गाठलं. ते वयानं माझ्यापेक्षा मोठे. "बुरा मत मान भाई," म्हणाले. "मेरेकू पोंछने बोले, मैं पोंछा. नई तो मेरी नौकरी जाती ना." मी म्हटलं, जाऊ द्या. घरी अक्काला काही सांगितलं नाही. तिनं विचारलं, तेव्हा म्हटलं, "लई मान देत्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा सामना बंगळूरच्या खेळाडूशी होता. तो जिंकलो तर शेवटचा सामना. हॉल भरला होता. चैत्रातलं ऊन, खिडक्यांना वाळ्याचे पडदे. हुसेनभाई सरबताचा ट्रे घेऊन बायकांच्या बाजूला अडकले होते. मी बाण फेकले, बोर्डावरून उपटले आणि वाडग्यात टाकले. काढायला कुणी नव्हतं. खेळ थांबला. सेक्रेटरींनी इकडं तिकडं पाहिलं. कोपऱ्यात कुणाचा तरी ग्लास फुटला होता, त्याच्या काचा एक बाई फडक्यात गोळा करत होती.

"ए बाई, इकडे ये. ते बाण काढ आणि पुसून दे."

ती बाई म्हणजे अक्का. गर्दीमुळं त्या दिवशी तिला दुपारीच कामाला बोलावलं होतं.

तिच्या हातांचं काय, हा विचार सेक्रेटरींच्या मनात आला नव्हता. झाडणाऱ्या बाईचे हात त्यांना दिसतच नसत, झाडलेलं दिसायचं. अक्का उठून टेबलापाशी आली. वाडग्यात बघितलं. मग माझ्याकडं.

"हे कशापायी पुसायचं, साहेब?"

"याच्या हाताला तेल असतं. पूस लवकर. लोक थांबलेत."

"तेल न्हाय त्याच्या हाताला. सकाळी मीच पाणी घातलं."

कुणीतरी हसलं. सेक्रेटरी हसले नाहीत. "तुला पुसायला सांगितलं ना?"

"न्हाय पुसणार," अक्का म्हणाली. आवाज चढवला नाही. "ह्याचं हात मी ल्हानपणापासनं धुतल्यात. काय लागलंय त्यास्नी, मला दावा."

तिनं वाडगं दोन्ही हातांनी उचललं आणि उपडं केलं. तिथल्या तिथं, सतरंजीवर. बाण खाली पडले. स्पिरिटचा भपकारा उठला. समोरच्या रांगेतल्या एका साहेबांनी घाईघाईनं सिगारेट बशीत विझवली आणि पाय वर घेतले. अक्कानं रिकामं वाडगं टेबलावर ठेवलं, नीट, आवाज न करता. मग ती पुढच्या दरवाज्यानं बाहेर गेली. व्हरांड्यातून. त्या व्हरांड्यात आम्ही फक्त झाडण्यापुरतं जायचं, असा तिथला शिरस्ता होता.

दारातून ती मागं वळली नाही. पण जाताना चालायची थोडी थांबली होती. मी आता तिच्याबरोबर येणार, असं तिला वाटलं असणार.

मी उभा होतो. जागच्या जागी.

"तुझी कोण ही?" सेक्रेटरींनी विचारलं.

"बहीण, साहेब."

हुसेनभाई दुसरं वाडगं घेऊन आले होते. त्यात बाटलीतलं स्पिरिट ओतून ते बाजूला झाले. सेक्रेटरींनी कापसाचा बोळा उचलला आणि माझ्यापुढं धरला.

"मग तूच पूस. नाहीतर जा तिच्यामागे. खेळायचंय का नाही ते सांग."

लेबर ऑफिसर खिडकीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघून भुवया वर केल्या. साच्याचं काय, असं विचारल्यासारखं.

मी खाली वाकलो. सतरंजीवरचे बाण गोळा केले. वाडग्यात बुडवले, पुसले, आणि सेक्रेटरींच्या हातात दिले.

ज्या हातांनी बाण बाटत होते त्याच हातांनी पुसलेले ते बाण सेक्रेटरींनी घेतले. बिनदिक्कत. उलटसुलट करून बघितलेही नाहीत. तेव्हा मला कळलं. बाण स्वच्छ असले काय, नसले काय, त्यांना फरक पडत नव्हता. मी वाकून पुसतोय हे सगळ्यांसमोर व्हायला हवं होतं. ते झालं. काम संपलं. सगळं त्या क्षणी लख्ख कळलं, आणि कळूनही मी खेळत राहिलो. प्रत्येक फेरीनंतर माझे बाण मीच पुसत राहिलो. स्पिरिटनं बोटं गार पडायची आणि लगेच कोरडी व्हायची. बंगळूरचा खेळाडू माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मी त्याला हरवलं.

शेवटचा सामना मुंबईवाल्याशी. तिथं मी हरलो. दुसऱ्या क्रमांकाचा छोटा कप मिळाला. फोटो काढताना मला कडेला उभं केलं.

घरी गेलो तेव्हा अक्का दारात बसली होती. क्लबातून तिला काढलंय हा निरोप आधीच पोचला होता. तिनं कप बघितला, हातात घेतला नाही.

"मी गेल्यावर कुणी पुसलं रं?"

एवढंच विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. उत्तर काय येणार याची भीती होती. ती भीती मला सहन झाली नाही. मी म्हणालो, "कुणी न्हाय. मी बोळा त्यांच्या टेबलावर फेकला. तोंडावर सांगितलं, पुसायचं असलं तर तुमी पुसा. मग न पुसता खेळू दिलं."

अक्का उठली. माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. "बास!" म्हणाली. "बास माझ्या वाघा!" मग भाकरी वाढली. ती भाकरी मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वस्तीत ही गोष्ट पसरली. मी साहेबाच्या तोंडावर बोळा फेकला. आठवड्यात त्याचं वाडगं झालं. पुढच्या जयंतीला एका शाहिरानं त्यावर कवन केलं, त्यात वाडगं साहेबाच्या डोक्यावर फुटलं. अक्का त्या गोष्टीत नव्हतीच. मी टाळ्या घेतल्या.

अक्काला गिरणीच्या फाटकावर पुन्हा कधी आत घेतलं नाही. ती रोज भोंग्याच्या आधी जायची आणि परत यायची. मग जायचं सोडलं आणि घरी विड्या वळायला लागली. आणि मला साचा मिळाला. लेबर ऑफिसरांनी शब्द पाळला. तो मला वाडगं फेकल्याबद्दल मिळाला असं वस्ती समजत होती. साहेब घाबरले म्हणे.

साच्यावरच्या पहिल्या दिवशी जॉबरनं माझ्या हातात तारेचा हूक दिला. "सूत यानं ओढायचं," म्हणाला. "धोट्याला तोंड लावायचं नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस आमच्यातला आहे, उगाच भानगड नको." आजूबाजूचे साचे थांबले. सगळे बघत होते. मी वाकतोय का, ते बघत होते. माझ्या डोळ्यांपुढं अक्काची पाठ आली, व्हरांड्यातून जाताना क्षणभर थांबलेली. मी हूक खाली टाकला. धोटा उचलला, तोंडाला लावला आणि सूत ओढलं. जॉबरनं माझी गचांडी धरली. दुसऱ्या पाळीच्या माणसानं तो साचा घेतला नाही. चार दिवस साचा माझ्या पाळीपुरताच चालला. युनियनचे लोक आले, मिटवामिटवी झाली. मी हूक वापरला नाही, शेवटपर्यंत नाही. एवढं मी केलं. ते खरं आहे. पण ते करायला मला दुसऱ्या कुणीतरी आधी दाखवावं लागलं होतं, आणि जिनं दाखवलं तिची भाकर माझ्यापायी गेली होती.

बऱ्याच वर्षांनी, गिरणी बंद पडायच्या सुमाराला, वस्तीतली कॉलेजची पोरं घरी आली होती. अक्का सुपात पानं घेऊन विड्या वळत होती आणि पोरांना ती गोष्ट सांगत होती. माझी गोष्ट. रंगवून सांगत होती. पोरं गेली. मी खाटेवर होतो. सुपातून मान वर न काढता ती म्हणाली, "तू काय फेकला न्हाईस. मला ठावं हाय."

मी खाटेवर उठून बसलो.

"हुसेनभाईनं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी."

"मग इतकी वर्षं तू…"

"पोरं ऐकत्यात की. ऐकताना ताठ बसत्यात. त्यास्नी कुणीतरी पायजे."

"मग तू केलंस ते सांगायचं अक्का. वाडगं तू पालथं घातलंस."

ती हसली. "झाडूवालीची गोष्ट कोण ऐकतंय? तुझ्या नावावर खपती." मग दोऱ्यानं विडी बांधली, सुपात टाकली. "आन्‌ तूबी कदी म्हणला न्हाईस, की तो मी न्हवं म्हणून."

ते वाक्य तिनं सहज उच्चारलं. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो.

त्यानंतरही मी म्हणालो नाही. ती असताना म्हणालो नाही. तिला नेलं त्या दिवशी माणसं जमली होती. वस्तीतले एक पुढारी दोन शब्द बोलले. म्हणाले, अमुक अमुक या स्वाभिमानी माणसाची ही बहीण. माझी बहीण म्हणून तिची ओळख करून दिली. मी हात जोडून उभा होतो. तेव्हाही गप्प.

आता समाजमंदिराच्या दर्शनी भिंतीवर पोरांनी चित्र काढायला घेतलंय. एक तगडा माणूस, हातात वाडगं, समोर साहेबलोक घाबरून मागं सरकलेले. मागच्या आठवड्यात त्यांचा म्होरक्या, आमच्याच गल्लीतला सिद्धार्थ, मला विचारायला आला. "आजोबा, त्या दिवशी तुमचा शर्ट कुठल्या रंगाचा होता?"

मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "आजोबा, आता कशाला? रविवारी उद्घाटन आहे. आमदार येणारेत. बाहेरचे लोक हसतील आपल्याला."

"हसू देत."

"आणि लहान पोरांना काय सांगायचं? की तुम्ही…"

"पुसले," मी म्हणालो. "पुसले म्हणून सांग. आणि ती काय करून गेली तेही सांग. दोन्ही एकदम सांग. नुसतं एक सांगितलंस तर ते पुन्हा खोटंच."

तो नाराज होऊन गेला. काल मंडळाची बैठक झाली. चित्र आहे तसंच ठेवायचं ठरलं. पाहिजे तर कोपऱ्यात अक्काचा छोटा फोटो लावू, असा निरोप आला. आणि मी उद्घाटनाला यावं, शाल घ्यावी, भाषण केलं नाही तरी चालेल.

मी शाल घेणार नाही. रविवारची वाटही बघणार नाही. चुन्याची बादली आणि कुंचा आणून ठेवला आहे. उद्या सकाळी, लोक जागे असताना, सगळ्यांच्या देखत मी त्या भिंतीपाशी जाणार आहे. माझ्यानं आता शिडी चढवत नाही. पण चित्रातला तो माणूस फार उंचावर नाही, हात पोचतो. आधी त्याचं तोंड पांढरं करीन, मग छाती, मग दोन्ही हात. कुणी आडवं आलं तर त्याला तिथंच उभं करून हे सगळं ऐकवीन. पोरांनी कुंचा हिसकावून घेतला तर परवा पुन्हा जाईन. ती जागा रिकामी झाल्यावर तिथं एक बाई काढायची. नऊवारी लुगडं, ओचा खोचलेला, शेवंता तिचं नाव. आणि ती बाई जोवर भिंतीवर उभी राहत नाही, तोवर या वस्तीत माझं नाव मी कुणालाही घेऊ देणार नाही.